शंभरात किती?

आम्ही बत्तीस वर्षे मुलांना अंकगणित शिकविले. अपूर्णांकाचे दोन मजले असतात, वरच्यास अंश म्हणतात आणि खालच्यास छेद म्हणतात, हे फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. परंतु त्या दोन मजल्यांपैकी जगात वरच्या मजल्याचाच गवगवा होतो आणि सत्य बहुधा खालच्या मजल्यावर मुकाट्याने बसलेले असते, ही गोष्ट आम्हांस निवृत्त झाल्यावर कळली. आणि तीही एखाद्या ग्रंथावरून नव्हे, तर ज्या बाईने आयुष्यात पाटीला हात लावलेला नाही अशा एका बाईच्या तोंडून कळली. त्या प्रसंगाची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

बीडपासून पाटोद्याच्या बाजूस, बालाघाटाच्या उतरणीवर आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. जमीन म्हणावयाची एवढेच; वर माती वीतभर, खाली खडक. ती जमीन वाट्याने करणारे कुटुंब पावसाळ्याचे चार महिने गावात असते आणि दसरा उलटला की ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते. आमच्या जिल्ह्यातील लक्षावधी माणसांचे वर्ष हे असे दोन तुकड्यांत विभागलेले आहे. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. मुकादम कोयत्यामागे उचल देतो. आणि ती उचल फिटेपर्यंत उसाच्या पाचटाच्या कोपीत राहून दोघांनी राबावयाचे असते. एक दिवस कामावर आले नाही तर त्यास ‘खाडा’ म्हणतात, आणि त्या खाड्यापोटी दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत कापून घेतल्याच्या कहाण्या या भागात घरोघर ऐकावयास मिळतात. ज्या कोयत्याचे एक पाते दर महिन्यास चार दिवस दुखत असते, त्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

सन २०१८ च्या भाद्रपदात या कुटुंबातील बाई आमच्या घरी आली. वय तिच्याच सांगण्याप्रमाणे बत्तीस, मुले तीन, थोरल्या मुलाचे लग्न ठरत आलेले. तिने ओच्यातून एक घडी घातलेला कागद आणि सोनोग्राफीचे काळपट चित्र काढून आमच्यापुढे ठेविले. अंगावरून जाते, कंबर धरते, म्हणून ती एका दवाखान्यात गेली होती. तेथे काय सांगितले ते तिच्याच शब्दांत द्यावयाचे तर, “गुर्जी, डाक्टर म्हनले पिशवी नासली, काढून टाका. न्हाई काढली तर कॅन्सर व्हईल.” आमच्या सौभाग्यवतींनी तिला पाणी दिले. आम्ही चष्मा लावून कागद वाचला. त्यातील इंग्रजी शब्द आम्हांस वाचता आले, समजले नाहीत; परंतु वाचता आल्यामुळे समजल्यासारखा चेहरा करणे हा शिक्षकाचा जुना व्यवसाय असल्यामुळे तो आम्ही केला.

तेव्हा ती म्हणाली, “गुर्जी, तुमी हिशेबाचे मास्तर. माझ्यासारख्या शंभर बायांनी पिशवी ठिवली, तर त्यातल्या किती जणींला कॅन्सर व्हतो?”

प्रश्न सरळ होता. आमच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका शुद्ध प्रश्न कोणाही विद्यार्थ्याने आम्हांस विचारला नव्हता. ‘होईल’ म्हणजे किती संभवाने होईल, हे तिला हवे होते. आणि तो संभव मोजावयाचा तर छेदात कोण घ्यावयाचे, हेही तिने आपण होऊन सांगितले होते: ‘माझ्यासारख्या’. आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, “बाई, डॉक्टर शिकलेले असतात. ते सांगतात ते काही उगीच सांगत नसतील.” तिने कागदाची पुन्हा घडी घातली आणि ती गेली. दसऱ्यापूर्वी तिची शस्त्रक्रिया झाली. तिच्यासाठी मुकादमाकडून आणखी उचल घेतली गेली. आणि कार्तिकात ती टोळीबरोबर उसाच्या फडात होती.

पुढील वर्षी आमच्या जिल्ह्याचे नाव देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकले. बीडच्या काही गावांत निम्म्या बायकांना गर्भाशय नाही, अशा मथळ्यांनी एप्रिल २०१९ पासून खळबळ उडविली. आमच्या कट्ट्यावरील मंडळींत दोन तट पडले. एक तट म्हणे, हे सारे अतिरंजित आहे, जिल्ह्याची बदनामी चालली आहे. दुसरा म्हणे, हे काहीच नव्हे, प्रत्यक्ष याहून भयंकर आहे. दोन्ही तटांजवळ आकडे होते, आणि दोन्ही तटांचे आकडे खरे होते! आम्हांस त्या बाईचा प्रश्न आठवला. आम्ही कट्ट्यावरून उठून घरी आलो आणि कोरा कागद घेऊन बसलो.

पहिला आकडा ४,६०५. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत इतक्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. दुसरा आकडा १३,८६१. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. तिच्यासाठी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय पूर्वीच काढलेले आढळले. कट्ट्यावरचे आमचे एक स्नेही म्हणाले, “दोहोंपैकी एक कोणीतरी खोटे बोलतो आहे.” वस्तुतः कोणीच खोटे बोलत नव्हते. शाळेच्या पटावर एकंदर मुले किती हा एक प्रश्न, आणि यंदा नवी किती दाखल झाली हा दुसरा प्रश्न. दोहोंची उत्तरे निराळी येतात म्हणून हेडमास्तर लबाड ठरत नाही. ४,६०५ हा तीन वर्षांतील नव्या दाखल्यांचा आकडा, आणि तोही साऱ्या जिल्ह्यातील स्त्रियांचा. १३,८६१ हा एका विशिष्ट वर्गाच्या पटावरचा, वर्षानुवर्षे साचलेला आकडा. पहिल्याचा छेद काढावयाचा तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातील बारा लाखांवर स्त्रिया घ्याव्या लागतात, आणि मग दरसाल हजारी सव्वा एवढेच प्रमाण पडते. दुसऱ्याचा छेद ८२,३०९. म्हणून प्रमाण शेकडा जवळजवळ सतरा, म्हणजे दर सहा जणींत एक. ज्यास जिल्ह्याची अब्रू राखावयाची होती त्याने पहिला घेतला, ज्यास हळहळ वाटत होती त्याने दुसरा घेतला. मात्र प्रश्न कोणता होता, हे दोघांनीही सांगितले नाही.

तिसरा आकडा याहून मौजेचा. २०१८ मध्ये बीड जिल्ह्यातील दोनशे स्त्रियांची एक पाहणी झाली होती, तीत शेकडा ३६ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळल्याचे वृत्तपत्रांनी छापले. मग छत्तीस खरे की सतरा? दोनशेच माणसे विचारली म्हणजे योगायोगाने आकडा थोडा वरखाली होणारच. पोत्यातून मूठभर ज्वारी काढली की दर मुठीत खडे सारखेच निघत नाहीत. हा योगायोगाचा हेलकावा किती असावा याचे गणित ठरलेले आहे. दोनशेंच्या मुठीत छत्तीस टक्के सापडले तर साऱ्या पोत्यातील खरे प्रमाण एकोणतीस ते त्रेचाळीस यांच्या दरम्यान असावे, असे ते गणित सांगते. सतरा त्याच्या बाहेर पडते. याचा अर्थ, हा फरक केवळ योगायोगाचा नव्हे. दोन मुठी एकाच पोत्यातून, एकाच रीतीने भरलेल्या नाहीत. कोणत्या गावी गेले, कोणत्या वयाच्या बायका बसविल्या, जिला दुखणे आहे तीच आपण होऊन पुढे आली काय, यावर सारे अवलंबून. आमच्याकडे तर महिन्यामहिन्याने गाव बदलते. श्रावणात पाहणी केली तर टोळ्या घरी सापडतात. मार्गशीर्षात केली तर गावात म्हातारीकोतारी, शाळकरी पोरे आणि ज्यांस दुखण्यामुळे जाता आले नाही अशीच माणसे उरतात. त्या उरलेल्यांस विचारून साऱ्या गावाचे आरोग्य ठरविणे म्हणजे रविवारी शाळेत जाऊन हजेरी घेण्यासारखे आहे. आणि मूठ वाकडी भरली असेल, तर ती दोनशेंची होती की दोन लाखांची, याने काही सुधारणा होत नाही. मोठ्या मुठीने योगायोग आवरतो. पक्षपात आवरत नाही.

सतरा हाच आकडा धरला तरी तो मोठा कशावरून? एकट्या आकड्यास लहानमोठेपण नसते. ते शेजाऱ्यावरून येते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा २.६ आढळले होते, साऱ्या देशात ३.२. सहापटींहून अधिक! परंतु येथेही आमच्यातला जुना परीक्षक जागा झाला. काढलेले गर्भाशय परत येत नाही. म्हणून जो समूह वयाने थोराड त्यात हे प्रमाण आपोआपच चढते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली ज्या छेदात बसल्या आहेत त्याची तुलना नुसत्या संसारी बायकांच्या छेदाशी करणे न्यायाचे नाही. वीस-पंचविशीतील ऊसतोड स्त्रीची तुलना वीस-पंचविशीतील इतर स्त्रीशीच केली पाहिजे. एवढी कसोटी लावल्यावर सहापट थोडी उतरेल हे खरे; तथापि ती नाहीशी होईल असे आम्हांस वाटत नाही.

मग कारण काय? ऊस आणि ही शस्त्रक्रिया बरोबर चालतात, म्हणून ऊसच कारण, असे म्हणणे सोपे आहे. मुकादमाचा खाडा आणि खासगी दवाखान्याचा लोभ ही दोन नावे सर्वांच्या तोंडी आली, आणि त्यांस निर्दोष ठरविण्याचा आमचा मुळीच विचार नाही. परंतु ज्या घरातून कोयता निघतो त्याच घरात मुलीचे लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी होते. तेथेच विशीच्या आत दोन बाळंतपणे होतात आणि पंचविशीच्या आत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उरकते. फडात पाणी नाही, आडोसा नाही, म्हणून दुखणे जडते. आणि सरकारी दवाखान्याच्या खेपा करावयास पावसाळ्याचे चार महिनेच मिळतात. या साऱ्या गोष्टी उसाच्या मुळ्यांसारख्या एकमेकींत गुंतल्या आहेत. कोणती मुळी किती रस ओढते हे पाहावयाचे तर ज्यांची लग्ने तशीच लवकर झाली, ज्यांची गरिबी तशीच, परंतु ज्या ऊस तोडावयास गेल्या नाहीत, अशा स्त्रिया शेजारी उभ्या केल्या पाहिजेत. आरोग्याच्या शास्त्रातील निम्मी मेहनत ही अशी योग्य शेजारीण शोधण्यातच जाते. मुंबईत प्लेगाच्या दिवसांत, १८९७ साली, हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. तिने स्वतः ते जगले, परंतु सिद्ध काहीच झाले नाही; भायखळ्याच्या तुरुंगातील टोचलेल्या कैद्यांशेजारी न टोचलेले कैदी मोजले, तेव्हा कोठे बोलावयास आधार मिळाला.

येथे वाचक म्हणतील की, हा सारा कीस काढून तुम्ही अपराध्यांस पळवाट करून देत आहात. उलट आहे. एका घरात तीन मुलगेच झाले तर त्या घराकडे कोणीही बोट दाखवू शकत नाही. तसे योगायोगाने सहज होते. परंतु आमच्या याच जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ८९४ होत्या आणि २०११ साली ८०७ झाल्या. लक्षावधी मुलांत योगायोग इतका लांब जात नाही. कोणत्याही एका सोनोग्राफीच्या खोलीत काय बोलले गेले याचा साक्षीदार नव्हता; जनगणनेचा छेद हाच साक्षीदार झाला. आकडा एका माणसाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि हजार माणसांविषयी जे सांगतो ते नाकारता येत नाही. या दोन वाक्यांतील अंतर किती दुःखाचे आहे, हे मात्र आम्हांस पुढे समजले.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस शेवटी सापडले, आणि ते शेजारच्याच जिल्ह्यात पडलेले होते. उस्मानाबाद जिल्ह्यात, ज्याचे नाव आता धाराशिव झाले आहे, १९९९ पासून गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविषयी एक फार मोठा प्रयोग झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी तो केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे ५२ गट. आणि कोणत्या गटास कोणती तपासणी द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवावर सोपविलेले. दैवावर का? तर श्रीमंत-गरीब, शिकलेल्या-अडाणी, लवकर लग्न झालेल्या-उशिरा झालेल्या अशा सर्व प्रकारच्या स्त्रिया चारही भागांत सारख्या वाटल्या जाव्यात, म्हणजे योग्य शेजारीण शोधण्याची यातायात उरू नये. योगायोगालाच कामास जुंपण्याची ही युक्ती आम्हांस फार आवडली. ज्यांना बोलाविले पण ज्या आल्या नाहीत, त्याही आपापल्या गटातच मोजल्या गेल्या. नाहीतर केवळ काळजी घेणाऱ्या बायकांचाच हिशेब झाला असता.

आठ वर्षांच्या आत, ज्या ३१,४८८ स्त्रियांना विशेष तपासणीस बोलाविले नव्हते त्यांपैकी ६४ या रोगाने गेल्या. ज्या ३४,१२६ स्त्रियांची विषाणूसाठी एकदाच तपासणी व्हावयाची होती त्यांपैकी ३४ गेल्या. मृत्यू निम्म्यावर आले! हे खरेच आहे. पण तेच दुसऱ्या रीतीनेही सांगता येते: हजारी दोन होते, ते हजारी एक झाले. ‘निम्मे’ म्हटले की छाती फुगते, ‘हजारी एक’ म्हटले की खांदे उडविले जातात; आणि दोन्ही एकाच वहीतील आहेत. प्रामाणिक माणसाने दोन्ही सांगावीत. इतर दोन प्रकारच्या तपासण्यांच्या गटांत ५४ आणि ५६ मृत्यू झाले. ६४ शी त्यांचा फरक योगायोगानेही पडू शकला असता, म्हणून संशोधकांनी त्यावर विजयाचा दावा केला नाही. ‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘उपयोग नाही’ असेही नव्हे: मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाख स्त्रियांत नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा बारा वर्षांत मृत्यू एकतीस टक्क्यांनी घटले.

परंतु आमचे मन त्या ३१,४८८ जणींपाशी रेंगाळले. त्यांना तपासले नाही म्हणूनच तपासणीचे मोल जगास कळले. त्यांना तसे ठेवावयास हवे होते काय, यावर पुढे मोठा वाद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. आपण ज्यास छेद म्हणतो तोही माणसांचाच असतो, आणि त्यातून चौसष्ट घरांतील चुली विझलेल्या असतात.

तात्पर्य, उत्तर असे: आपल्या देशात शंभर स्त्रियांतील सुमारे दोघींना पंचाहत्तर वर्षांच्या वयापर्यंत या रोगाची बाधा होते, आणि वेळेवर साधी तपासणी झाली तर मृत्यू त्याहूनही टाळता येतात. त्या बाईस तक्रार होती, म्हणून तिचा संभव थोडा निराळा धरावा लागला असता; पण तो किती निराळा, हे पाहण्यासाठीच ती तपासणी आहे, आणि तिच्या कागदात तिचा उल्लेखही नव्हता. शिवाय बत्तिसाव्या वर्षी गर्भाशय आणि त्याबरोबर अंडाशयही गेले, तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयाचा धोका वाढतो, हे तिला तेव्हा कोणीच सांगितले नव्हते, आम्हीही नाही.

२०१९ च्या आषाढात ती शेतावर भेटली. खुरपे बाजूस ठेवून बांधावर बसली. कंबर अजून दुखते म्हणाली. अंगातून वाफा निघतात म्हणाली. आम्ही आमचा कागद काढला आणि शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले की, बाई, तू विचारले होतेस ना, ते शंभरात सुमारे दोन आहे.

ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजीत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी अठ्ठ्यान्नव जणींला न्हाई होत. गुर्जी, मंग मी त्या दोघींतली व्हते का अठ्ठ्यान्नवांतली?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्या कागदावर नव्हते. ते कोणाच्याच कागदावर नसते. बांधावरून परतताना एवढेच मनात येत होते की, हे आकडे तिला बांधावर नव्हे, तर वर्षापूर्वी आमच्या ओसरीवर मिळावयास हवे होते. उत्तर येत नसेल तर ‘येत नाही, चार दिवस थांब, विचारून सांगतो’ असे म्हणण्यास आमचे काय जात होते? गणिताच्या मास्तराने एवढे जरी केले असते तरी पुष्कळ होते.

गेल्या पावसाळ्यात तिची सून तसलाच एक कागद घेऊन आमच्या घरी आली. आम्ही तो वाचला आणि समजल्याचा चेहरा केला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवती तिला घेऊन सरकारी रुग्णालयात गेल्या. तपासणी झाली, साधा संसर्ग निघाला, गोळ्या मिळाल्या. सासू दारात बसून होती. “हिची पिशवी ऱ्हायली,” एवढेच ती म्हणाली, आणि दसरा जवळ आला असल्यामुळे कोयत्यांना धार लावून आणावयास निघून गेली.